मैदान कोणाचे? मुंबईच्या गोल्फ कोर्सची आमची क्रमवारी

गोल्फचे शौकीन कोर्सचे नंबर लावतात ते हिरवळ, उतार आणि बंकर बघून. आम्ही एकच कसोटी लावतो: कामगाराच्या पोराला तिथे खेळाडू म्हणून आत जाता येते का? 'हा काय आपला विषय आहे?' असे काही कार्यकर्ते मित्र विचारतीलच. पण जिथे दहा बाय दहाच्या खोलीत कुटुंब राहते, त्या शहरात अठरा होलचे मैदान हा आधी जमिनीचा प्रश्न आहे.

शेवटचा नंबर ताडदेवच्या विलिंग्डन क्लबला. १९१८ साली तो निघाला तो गोऱ्यांबरोबर भारतीयांनाही घेणारा क्लब म्हणून. याचे कौतुक आजही होते. कोणते भारतीय? संस्थानिक आणि पैसेवाले. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार आपल्या आजोबा-पणजोबांना बंद होते, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई!

मधला नंबर चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबला, तोही क्लबमुळे नव्हे, कॅडींमुळे. शेजारच्या वस्तीतली पोरं साहेबांच्या बॅगा वाहता वाहता खेळ शिकली. लोखंडी सळई वाकवून त्यांनी स्टिक केली, प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि गल्लीबोळात गोल्फ सुरू केला. बाहेरच्यांनी त्याला 'स्लम गोल्फ' नाव देऊन टाळ्या वाजवल्या. या टाळ्यांचा आम्हाला राग येतो. भिंतीपलीकडे मैदान असताना पोरं गटाराच्या कडेला खेळतात, यात कौतुक कसले? मग कोलकात्याच्या एस. एस. पी. चौरसियाचे उदाहरण पुढे केले जाते. रॉयल कलकत्ता क्लबच्या ग्रीनकीपरचा हा मुलगा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकला. त्याला सलाम. पण एका चौरसियाच्या नावावर बाकीच्या कॅडींची मजुरी, विमा आणि सरावाचा हक्क किती दिवस टाळणार?

पहिला नंबर खारघर व्हॅलीला. हा कोर्स सिडकोचा, म्हणजे सार्वजनिक. सभासद नसलात तरी फी भरून खेळता येते. कागदावर दार उघडे आहे. पण कागदावरचे दार काय असते ते आपल्याला महाडने शिकवले. १९२३ चा बोले ठराव झाला, १९२४ साली नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, तरी १९२७ पर्यंत ओंजळभर पाणी मिळाले नव्हते. तिथे विटाळ आडवा आला, इथे फी, किट आणि बूट येतात. दोन्ही एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण सिडकोची नवी मुंबई शेतकरी आणि आगरी-कोळ्यांच्या जमिनीवर उभी राहिली, आणि खारघरच्या डोंगरात आजही आदिवासी पाडे आहेत. त्यांची किती मुले त्या हिरवळीवर खेळली?

म्हणून पनवेल-नवी मुंबईच्या साथींनी माहिती अधिकारात सिडकोला एवढेच विचारावे: प्रकल्पग्रस्त, आदिवासी आणि महापालिका शाळांतील मुलांसाठी फीमाफी आहे का? सरावाचे साहित्य कोण देते? गेल्या पाच वर्षांत अशी किती मुले खेळली? अर्जाला दहा रुपये लागतात.