सरपण आणणारीनं सभेतही बसावं

जंगल म्हटलं की आपल्याला वाघ आठवतो. पहाटे मोहफुलं वेचणारी, डोक्यावर सरपणाचा भारा आणणारी बाई कुणाला आठवते?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू गावाचा आणि वाहतुकीचा परवाना वनखात्याचा! तोही २०११ मध्ये ग्रामसभेकडे आला, तेव्हा कुठे बांबूचा पैसा गावाच्या हाती लागला. ज्या जंगलावर घर चालतं, ते कोण उजाड करील?

२००६ च्या वनहक्क कायद्यानं बायकांनाही जागा दिली. वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे, वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश महिला. २०१२ पासून तर वनहक्काच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांतही एकतृतीयांश बायका लागतात. पण रजिस्टरवर अंगठा उठवून घरी परतलो, तर निर्णय पुरुषांचेच राहणार.

मैत्रिणींनो, अल्लीपूरसारख्या कपाशीच्या गावात तुम्ही म्हणाल, ‘आमच्याकडे कुठलं आलं जंगल?’ अहो, पण गायरान तर असतं ना! शेळ्या तिथंच चरतात, काड्याकुड्या तिथूनच येतात. ते आक्रमणात गेलं, तर पायपीट आपलीच वाढते. आपल्या राज्यात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याचा नियम आहे. तिथं सरळ विचारा : गावाचं गायरान किती, आणि आज ते कुणाच्या ताब्यात आहे? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.