गच्चीचं कुलूप काढा : जुहूकरांना जाहीर आवाहन



आपल्या गच्च्यांवर जेवढं ऊन पडतं तेवढं मुंबईत फार थोड्यांच्या वाट्याला येतं. 1928 साली जुहूला विमानतळ सुरू झाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथंच उतरले. या विमानतळामुळे आसपासच्या इमारतींच्या उंचीवर बंधनं आली आणि जुहू-विलेपार्ले डेव्हलपमेंट (जेव्हीपीडी) स्कीममधल्या कितीतरी जुन्या इमारती तीन-चार मजल्यांवरच थांबल्या. शेजारची इमारतही बुटकीच, त्यामुळे गच्चीवर दिवसभर सावली येत नाही. पालेभाजीला रोज चार तास ऊन पुरतं, टोमॅटो-मिरचीला सहा तास लागतं. आपल्याकडे त्याहून जास्त आहे. पण बहुतेक सोसायट्यांत गच्चीच्या दाराला कुलूप असतं, किल्ली सचिवांकडे असते, आणि वर पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि कुणीतरी टाकून दिलेलं फर्निचर यांखेरीज काही नसतं.

ते कुलूप काढावं आणि गच्चीवर कुंड्या, ड्रम, क्रेट ठेवून भाज्या, फुलं नि औषधी झाडं लावावीत, एवढंच मागणं घेऊन हे लिहितो आहे.

कुंडीतल्या भाजीवर घर चालेल, असा माझा दावा नाही. आपलं जेवण वसईच्या, नाशिकच्या, नारायणगावच्या शेतकऱ्यांवरच चालणार आहे आणि त्यांचे उपकार मानायलाच हवेत. पण मूठभर कोथिंबीर, कढीपत्ता, हिरवी मिरची, गवती चहा, पुदिना, देवाला चार फुलं आणि आठवड्यातून दोनदा पालेभाजी एवढं गच्ची निश्चित देते. माणसंही देते. एकाच जिन्यात वीस वर्षं राहून एकमेकांची नावं ठाऊक नसलेले शेजारी टोमॅटोवर पडलेल्या किडीविषयी अर्धा तास बोलत उभे राहतात, हे मी पाहिलेलं आहे.

आणि हे मुंबईत नवं नाही. डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्यात गच्चीवर शेती करून दाखवली. त्यांनी माती जवळजवळ वापरलीच नाही. रसवंतीवाले फेकून देतात तो उसाचा चोथा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जुने ड्रम यांवर त्यांचं सगळं चालायचं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज निघणाऱ्या भाजीच्या देठा-सालांचं काय करायचं, हा प्रश्न तिथल्या प्रीती पाटील यांच्यापुढे होता. 2002 मध्ये त्यांनी त्याच स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग सुरू केली. कचऱ्यातून माती झाली, मातीतून भाज्या आल्या, पुढे फळझाडंही आली. त्या कामामागे कोल्हापूरच्या प्रा. श्रीपाद दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवारा’चा विचार होता : आपल्या दारातला पालापाचोळा आणि दारात पडणारं ऊन हेच भांडवल धरायचं आणि स्वतः प्रयोग करून शिकायचं. गोदीतल्या एका स्वयंपाकघराला जे साधलं, ते जुहूच्या सोसायट्यांना का साधू नये?

भांडवल तर आपल्या फाटकाशीच पडलेलं आहे. घरातल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक ओला असतो. तो रोज ट्रकमध्ये भरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कांजूरमार्ग-देवनारकडे जातो. देवनारला 1927 पासून कचरा पडतो आहे. रोज 100 किलोहून जास्त कचरा काढणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असं महापालिका 2017 पासून सांगते आहे. लहान सोसायट्यांवर तशी सक्ती नाही, पण त्यांना ते जास्त सोपं आहे. भोकं पाडलेला एक ड्रम घ्यायचा, त्यात एक माप ओला कचरा आणि दोन मापं वाळका पाला घालायचा, वरून आंबट ताक शिंपडायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी हलवायचं. वास आला तर ओल जास्त झाली असं समजावं आणि आणखी पाला घालावा. दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत मिळतं. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं पटकन कुजतात. देशी बदामाची जाड पानं मात्र चुरून घालावी लागतात. हीच पानं आपल्याकडे झाडलोट करून पोत्यांत भरली जातात, कुठं कुठं पेटवूनही दिली जातात. पानं जाळणं कृपा करून बंद करा.

चौपाटीवर दुसरं एक भांडवल आहे, ते म्हणजे पिऊन झालेली शहाळी. शहाळेवाल्याला सांगितलं तर तो कोयत्याने त्यांचे तुकडे करून देतो. ते महिनाभर उन्हात वाळवून कुंडीच्या तळाशी दोन इंच घालावेत. ते ओल धरून ठेवतात आणि कुंडी हलकी होते. चौपाटीची वाळू मात्र आणू नये. तिच्यात मीठ असतं, आणि किनाऱ्याची वाळू उचलायची नसते.

आता सोसायटीच्या समितीतल्या सदस्यांच्या हरकतींकडे येतो. त्या खोट्या नाहीत, म्हणून नीट लिहितो.

पहिली हरकत वजनाची. वावरत्या गच्चीच्या स्लॅबची रचना करताना आपल्या मानकांप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरतात. लाल माती भिजली की तिचं वजन घनमीटरला दीड टनाच्या वर जातं. म्हणजे स्लॅबवर फूटभर मातीचा थर पसरला तर दर चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो ओझं झालं. म्हणून गच्चीवर मातीचे वाफे मुळीच नकोत. सुट्या कुंड्या हव्यात आणि त्यांत एक भाग लाल माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड असं हलकं मिश्रण हवं. पालेभाजीला सहा इंच खोल क्रेट पुरतो, टोमॅटो-वांग्याला वीस लिटरची पिशवी लागते. कढीपत्ता, लिंबू यांना अर्धा कापलेला ड्रम हवा. तो गच्चीच्या मधोमध न ठेवता खाली बीम किंवा कॉलम असेल तिथं ठेवावा. तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. त्याच अभियंत्याला आधी विचारा आणि त्याने नको म्हटलं तर आग्रह धरू नका.

दुसरी हरकत गळतीची. वरच्या मजल्यावरच्यांची ही भीती रास्त आहे. कुंडी थेट कोब्यावर ठेवली की खाली ओल साचते. विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर चार-सहा इंच उंच ठेवली की खालून झाडता येतं आणि जमीन सुकते. पाणी जायच्या जाळ्या दर आठवड्याला साफ करायच्या. सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाला 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. 26 जुलै 2005 रोजी तिथं एका दिवसात 944 मिलिमीटर पडला. अशा गावात तुंबलेल्या जाळीला माफी नाही. वड-पिंपळाचं रोप दिसलं की त्याच दिवशी मुळासकट काढायचं. कठड्यावर कुंडी कधीच ठेवायची नाही, आणि जिन्यात तर नाहीच. आग लागली तर तीच सुटकेची वाट असते.

तिसरी हरकत डासांची, आणि इथं मी सर्वांत कडक आहे. डेंगीचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. कुंडीखालची बशी ही त्याची आवडती जागा. बशीचं पाणी ओतून दिलं तरी कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही तग धरतात. म्हणून बशा ठेवूच नयेत. घरात, खिडकीत ठेवाव्याच लागल्या तर आठवड्यातून एकदा घासून वाळवाव्यात. हे जमणार नसेल त्याने बाग करू नये.

आपल्याकडची खारी हवा हाही एक विषय आहे. जुहू तारा रोडवरच्या समुद्राकडच्या गच्च्यांवर नाजूक पानांच्या कडा करपतात. तिथं सदाफुली, ऑफिस टाइम, बोगनवेल, कोरफड यांची रांग वाऱ्याच्या बाजूला लावावी आणि भाज्या तिच्या आडोशाला ठेवाव्यात. पानांवरून अधूनमधून गोडं पाणी मारावं. बोअरचं पाणी जिभेला खारट लागत असेल तर ते घालू नये. एसीच्या नळीतून थेंब थेंब गळणाऱ्या पाण्यात क्षार नसतात. ते बादलीत धरलं तर झाडांना चालतं, फक्त बादली रोज रिकामी व्हायला हवी.

सुरुवात कशाने करावी असं विचाराल तर समुद्रमेथीने. बाजारात मुळांसकट, वाळूसकट इवल्याशा जुड्या मिळतात ती मेथी. किनाऱ्याच्या रेताड जमिनीत वाढणारं हे पीक आपल्या हवेला सरावलेलं आहे. स्वयंपाकघरातले मेथीदाणे रात्रभर भिजवा. मासळीवाल्यांकडचा थर्माकोलचा खोका धुऊन, तळाला भोकं पाडून त्यात मिश्रण भरा. दाणे दाट पसरा, वर मिश्रणाचा बोटाच्या पेराएवढाही नको, नुसता हलका थर द्या आणि पाणी शिंपडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती उचलून कोंब वर येतात. दोन आठवड्यांच्या आत, दोन-तीन इंच झाली की उपटून घ्या. लसणाच्या फोडणीवर परतलेल्या या मेथीला मोठ्या पानांच्या मेथीचा कडूपणा नसतो. कोथिंबिरीची घाई करू नका. ऑक्टोबरच्या उन्हात ती टिकत नाही. धणे हलके रगडून, दोन फाकी करून नोव्हेंबरात पेरा. टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं मात्र ऑक्टोबरातच लावा. उन्हाळ्यात मोगरा आणि पावसाळ्यात मायाळू नि पानओवा बाग जागती ठेवतात. आणि नवरात्रात घरोघरी घट बसतात, पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरलं जातं, नऊ दिवस त्याला पाणी घातलं जातं. ज्या घरात हे होतं त्या घराला कुंडीत उगवणं नव्यानं शिकवायला नको.

एक विनंती विशेष आहे. जुहू कोळीवाड्यात, गावठाणात, नेहरूनगरात गच्ची नसते, पण रंगाच्या डब्यात तुळस असते, पत्र्यावर चढवलेला वेल असतो. तिथली माणसं आणि बंगल्यांतून काम करणारे माळी यांना या हवेतलं जे कळतं ते आपल्याला पुस्तकांतून कळणार नाही. त्यांना बोलवा, विचारा, शिकवण्याचा योग्य मोबदला द्या. तुमच्याकडे खत आणि रोपं उरली तर ती त्यांच्यापर्यंत पोचवा.

गच्ची ही सोसायटीची सामायिक मालमत्ता आहे. तिथं कुणी एकट्याने जागा अडवणं चुकीचं आहे, आणि तशीच ती सगळ्यांना बंद ठेवणंही चुकीचं आहे. म्हणून हे रीतसर व्हावं. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सचिवांना आजच लेखी अर्ज द्या : ‘सामायिक गच्चीवर कुंड्यांतील बाग’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेत घ्यावा. ठरावात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. किल्ली कुणाकडे, वजनाची मर्यादा किती, जाळ्या कोण साफ करणार, आणि सुट्टीवर गेलेल्यांच्या कुंड्यांना पाणी कोण घालणार. सभेला स्वतः हजर राहा, शेजाऱ्यालाही घेऊन या आणि ठरावाच्या बाजूने हात वर करा.