एक कोटी मैलांचा प्रवासी

जेसन राइटमन यांच्या २००९ सालच्या ‘अप इन द एअर’ या अमेरिकी चित्रपटाचा नायक रायन बिंगहॅम वर्षातील ३२२ दिवस प्रवासात असतो. ओमाहातील घरी काढावे लागणारे उरलेले ४३ दिवस त्याला शिक्षा वाटतात. इतर कंपन्यांच्या वतीने त्यांच्या कर्मचाऱ्यांना नोकरी गेल्याचे सांगणे हा त्याचा व्यवसाय. विमानप्रवासाचे एक कोटी मैल पुरे करणे हे ध्येय! (लोक पुण्य साठवतात, हा मैल साठवतो.)

प्रेक्षकांत यावरून दोन तट पडले. एकांना चित्रपट कुटुंबसंस्थेच्या बाजूने कौल देणारा वाटतो. दुसरे विचारतात, एकटेपण ज्याने राजीखुशीने पत्करले, त्याला अखेरीस दुःखी ठरविण्याचा अधिकार दिग्दर्शकाला कोणी दिला? आमच्या वाचकांचा ओढा पहिल्या पक्षाकडे असणार, हे उघड आहे. परंतु जिच्या ओढीने रायन शिकागोत एका दारी जाऊन उभा राहतो, ती अ‍ॅलेक्स नवरा-मुले असलेली निघते. भरल्या घरातूनही तिला पळवाट हवीच होती. तेव्हा कौल इतका सरळ नाही.

आम्हाला मोलाचे वाटतात ते सेंट लुइस व डेट्रॉइट येथील, नोकरी खरोखरच गमावलेले स्त्री-पुरुष. ते येथे अभिनेते नाहीत. आपलाच संताप बोलतात आणि शेवटी बायकामुलांच्या आधाराने तगल्याचे सांगतात. हा परदुःखाचा वापर, असा आक्षेप काहींनी घेतला. तो आम्हास पटत नाही. रायन सुखी की दुःखी, या वादात एक गोष्ट मागे पडते : आपल्याच माणसाच्या नजरेला नजर द्यावी लागू नये, म्हणून मालक विमानाने परका माणूस मागवितो.