लाल रेघ मिटवायला प्रॅग्मा बदलू नका

व्हीएस कोडमध्ये सॉलिडिटीची फाइल उघडावी तर प्रॅग्माच्या ओळीखाली लाल रेघ. टर्मिनलमध्ये हार्डहॅट तीच फाइल निमूटपणे कंपाइल करतो. नवा माणूस इथे हमखास अडखळतो आणि एडिटर मागेल तो आकडा प्रॅग्मात लिहून मोकळा होतो. हा उपाय चुकीचा आहे.

एडिटरचे एक्स्टेन्शन बऱ्याचदा स्वतःचा वेगळा कंपायलर वापरते. काही सांगितले नाही तर अनेकदा सर्वांत नवा. प्रकल्पाचा कंपायलर ठरतो हार्डहॅटच्या कॉन्फिगमध्ये किंवा फाउंड्रीच्या टॉमल फाइलीत. प्रॅग्मा फक्त सांगतो, समोर आलेली आवृत्ती चालेल की नाही. फाउंड्रीत आवृत्ती नेमून दिली नाही, तर ती प्रॅग्मा पाहून स्वतःच एक निवडते. म्हणजे आणखी एक हिशेब!

असे दोन हिशेब पंचांगांतही झाले आहेत. पुण्यात जन्मलेल्या बापूदेव शास्त्रींनी एकोणिसाव्या शतकात काशीत नॉटिकल अल्मनॅक या खगोलीय कोष्टकांवरून पंचांग काढले. जुन्या सिद्धान्तग्रंथांवरची पंचांगेही चालूच होती, आणि दोहोंत तिथी संपण्याची वेळ जुळेलच असे नव्हते. मुहूर्त कोणत्या पंचांगाने धरायचा, हे यजमान आणि गुरुजींनी आधीच ठरवलेले बरे. कंपायलरचेही तसेच आहे.

आवृत्तीच्या आकड्यातला फरक किरकोळ दिसतो, तसा तो नसतो. मे 2023 मधल्या सॉलिडिटी 0.8.20 ने बायटकोड आपोआप इथेरियमच्या ‘शांघाय’ सुधारणेच्या नियमांनी काढायला सुरुवात केली आणि त्यात पुश-झिरो ही नवी आज्ञा आली. ती न समजणाऱ्या ब्लॉकचेन साखळ्यांवर काँट्रॅक्ट चढेना. मुंबईत ‘मॅटिक’ म्हणून सुरू झालेल्या पॉलिगॉनच्या मुख्य साखळीवर ती जानेवारी 2024 मधल्या ‘आग्रा’ सुधारणेनंतर आली. गडचिरोलीतल्या एटापल्लीचे जातीचे दाखले 2022 मध्ये याच साखळीवर नोंदवले गेले; अशा कामांत काँट्रॅक्ट पुढे वर्षानुवर्षे तपासता यावे लागते. तपासणी बायटकोड तंतोतंत जुळण्यावर चालते, आणि सॉल्क हा सॉलिडिटीचा कंपायलर आपली आवृत्ती बायटकोडच्या शेपटीत लिहून ठेवतो. ऑप्टिमायझरचे रन्स बदलले तरीही जुळणी फसते.

तेव्हा आकडा कॉन्फिगमध्ये पूर्ण लिहा. काँट्रॅक्ट तुम्हीच चढवणार असाल तर प्रॅग्मातली टोपी (^) काढून तोच आकडा तिथेही द्या. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी मात्र टोपी ठेवलेली बरी. ईव्हीएमची, म्हणजे बायटकोड चालवणाऱ्या आभासी यंत्राची, आवृत्तीही गृहीत धरू नका. एडिटरचा कंपायलर प्रकल्पाच्या नोड मॉड्यूल्समधल्या सॉल्कवर वळवा किंवा कमिटच्या खुणेसह नेमकी आवृत्ती द्या. नोमिक फाउंडेशनचे एक्स्टेन्शन हार्डहॅट आणि फाउंड्री दोन्ही प्रकल्प ओळखते. नवे काम असेल तर आमचा कौल त्याला.

व्हीएस कोडची प्रकल्पापुरती सेटिंग्जची फाइल अनेक संघ गिटमधून वगळतात. ती वगळू नका, कोडसोबत कमिट करा. नव्या सहकाऱ्याचा पहिला दिवस वाचेल.