हंगाम सरल्यावर

जानेवारीचा अखेरचा आठवडा आला की स्पेनमधील प्राणिनिवाऱ्यांत धांदल उडते. कास्तिया, एस्त्रेमादुरा, आंदालुसिया या प्रांतांतील मोकळ्या शेतांवर शरद ऋतूपासून चाललेला सशांच्या शिकारीचा हंगाम तेव्हा संपतो. पुढच्या काही आठवड्यांत महामार्गांच्या कडेला, पेट्रोल पंपांच्या मागे, गावाबाहेरच्या उकिरड्यांवर उंच, सडपातळ, लांब तोंडाचे कुत्रे हिंडताना दिसू लागतात. कोणाचा पाय मोडलेला असतो. कोणाच्या बरगड्या मोजता येतात. (या जातीच्या बरगड्या निरोगीपणीही थोड्या दिसतात, पण पोटभर खाणाऱ्याच्या आणि उपाशी हिंडणाऱ्याच्या बरगड्यांतला फरक कोणालाही कळतो.) कोणाच्या मानेवर ताजी जखम असते. मालकाची नोंद सांगणारी कातडीखालची चिप चाकूने उकरून काढल्याची ती खूण. हा कुत्रा म्हणजे गाल्गो.

गाल्गो स्पेनला नवा नाही. सेर्वांतेसच्या ‘डॉन किहोते’ या १६०५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात, त्या खेडवळ सरदाराच्या मोजक्या मालमत्तेत गाल्गोचीही गणना आहे. एके काळी खानदानाची शोभा असलेला हा कुत्रा आज ग्रामीण भागातील सामान्य शिकाऱ्यांच्या हाती आहे, आणि विजेता ठरेल असा एक सापडावा म्हणून अनेक पिले जन्माला घातली जातात.

गाल्गो वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतो. ससा उठला की दोन कुत्रे एकाच वेळी सोडले जातात आणि ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने ते त्याच्या मागे लागतात. शर्यतीत गुण मिळतात ते वेगाला, आणि सशाची प्रत्येक गिरकी तशीच्या तशी घेत त्याच्या पाठीवर राहण्याला. मात्र दोन-तीन हंगाम धावलेल्या कुत्र्याला ससा कुठे वळणार हे उमगू लागते. मग तो वळणामागे धावत नाही. मधल्या आडवाटेने जाऊन सशाला गाठतो. अशा कुत्र्याला शिकारी ‘घाणेरडा’ म्हणतात. त्याने खेळाचा नियम मोडला, मालकाची मान खाली घालायला लावली, असा तो हिशेब. ज्याला अन्यत्र अनुभव म्हटले असते, तोच इथे अपात्रतेचा दाखला ठरतो.

यातली खरी विसंगती वयाची आहे. ‘कामातून निवृत्त’ म्हटले की डोळ्यांपुढे थकलेला, पांढऱ्या मिशांचा जीव येतो. गाल्गो मात्र बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षीच निरुपयोगी ठरतो आणि त्याचे आयुष्य बारा वर्षांच्या आसपास असते. म्हणजे जगून झाले त्याहून दुप्पट जगायचे राहिलेले असते.

ते जगू न देण्याचीही एक जुनी रीत होती. हरलेल्या कुत्र्याला पाइनच्या फांदीला असे टांगायचे की मागच्या पायांची बोटे जेमतेम जमिनीला टेकावीत. त्या धडपडीला ‘पियानो वाजवणे’ असे नाव होते. क्रौर्याला थट्टेचे नाव दिले की ते करणाऱ्याला हलके वाटत असावे. शिकारी संघटना म्हणतात की असे लोक मूठभर आहेत आणि बहुतेक शिकारी आपले कुत्रे सांभाळतात. कुत्र्याचा म्हातारपणापर्यंत प्रतिपाळ करणारे शिकारी आहेत, हे खरेच. पण मूठभरांच्या कृत्याने इतके निवारे दरवर्षी ओसंडून वाहतात, हे पटवून घेणे कठीण आहे.

कायद्याने काय केले? जानेवारी २०२२ पासून स्पेनच्या दिवाणी संहितेत प्राणी ही वस्तू उरली नाही. संवेदना असलेला सजीव म्हणून त्याला मान्यता मिळाली. त्यापाठोपाठ प्राणिकल्याणाचा स्वतंत्र कायदा आला व २९ सप्टेंबर २०२३ रोजी अमलात आला. घरच्या कुत्र्याला सलग चोवीस तासांहून अधिक काळ देखरेखीविना ठेवता येणार नाही, इतक्या बारकाईने तो लिहिलेला आहे. मूळ मसुद्यात शिकारी कुत्रेही होते. ग्रामीण मतदार आणि शिकारी संघटना यांचा दबाव वाढला, सत्ताधारी आघाडीतच मतभेद झाले आणि अखेरीस शिकारी कुत्रे या कायद्यातून वगळण्यात आले. क्रूरतेविरुद्धची दंडसंहिता त्यांनाही लागू आहे. पण सांभाळाची जी रोजची हमी सोफ्यावरच्या कुत्र्याला मिळाली, ती शेडमध्ये साखळीला बांधलेल्या त्याच्या भावंडाला मिळाली नाही. दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी माद्रिदसह अनेक शहरांत लोक आपापले गाल्गो घेऊन रस्त्यावर उतरतात, ते याचसाठी.

काम संपलेल्या जिवाचे काय करायचे, हा प्रश्न एकट्या स्पेनचा नव्हे. इंग्लंडमध्ये कोल्ह्यांच्या शिकारीसाठी पाळलेल्या कुत्र्यांना सहा-सात वर्षांचे झाले की गोळी घालण्याची प्रथा होती; कळपात वाढलेला कुत्रा घरात रुळत नाही, असे समर्थन त्यासाठी दिले जाई. मुंबईत मात्र याच प्रश्नाला निराळे उत्तर मिळाले. भटक्या कुत्र्यांच्या सरकारी कत्तलीवरून १८३२ साली शहरात दंगल झाली आणि दोनच वर्षांनी शेठ मोतीचंद अमीचंद व जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. प्राण्याला मिळणारा घास हा त्याच्या कामाचा मोबदला नव्हे, एवढे तिच्या संस्थापकांना पक्के ठाऊक होते.

गाल्गोला मात्र निवारा पुरत नाही. दर फेब्रुवारीला नवे येतात, म्हणून जुन्यांना घर शोधावे लागते. आणि स्पेनमध्ये घरे पुरत नाहीत, म्हणून जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स, इटली इथली कुटुंबे त्यांना दत्तक घेतात. जाण्यापूर्वी रक्त तपासले जाते, कारण भूमध्य प्रदेशातल्या वाळूमाशीच्या चाव्यातून होणारा लेश्मानियासिस हा रोग लक्षणांशिवाय वर्षानुवर्षे अंगात दडून राहू शकतो.

मग सुरू होते खरे शिक्षण. या कुत्र्याने जिना पाहिलेला नसतो. पहिल्या पायरीपाशी तो थरथरत उभा राहतो. काच म्हणजे काय ते त्याला माहीत नसते, म्हणून दारांच्या काचांवर कागद चिकटवून ठेवावे लागतात. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात. कोणी हातात झाडू घेतला की काही गाल्गो कोपऱ्यात अंग चोरून बसतात, आणि त्यांनी पूर्वी काय सोसले असेल, ते विचारावे लागत नाही. अंगावर चरबी नाही, केस तोकडे. म्हणून उत्तरेकडच्या थंडीत त्याला कोट घालावा लागतो. मोकळ्या माळावर पट्टा सोडायचा नाही, ही ताकीद दत्तक देताना आवर्जून दिली जाते. दूर काही हलले तर तो क्षणात दिसेनासा होईल, आणि हाक त्याच्या कानी पडणार नाही.

एका गोष्टीचे मात्र नव्या मालकांना हमखास आश्चर्य वाटते. इतक्या वेगाने धावणारा हा प्राणी दिवसाचा बहुतेक वेळ झोपण्यात घालवतो. पहिले काही आठवडे तो दाराकडे तोंड करून, अंगाचे मुटकुळे करून झोपतो. कोणी जवळून गेले की डोळे उघडतात. मग एखाद्या दुपारी घरची माणसे पाहतात, तो सोफ्यावर उताणा पडलेला असतो. चारही पाय हवेत, मान एका बाजूला लटकलेली, तोंड किंचित उघडे. शेजारून कोणी गेले, तरी तो जागचा हलत नाही.