गाडीचे कागद कोणाच्या खिशात?

सुट्टीत परदेशी जाऊन मोटार चालवण्याचा विषय आपल्या त्रैमासिकात कशाला, असे एखादी मैत्रीण विचारील. पण समुपदेशन केंद्रात काम करताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. रेशनकार्ड, पासबुक, विम्याची पावती कुठे आहे, हे बाईला ठाऊक नसते. ‘ते ह्यांच्याकडे असतं’ हे उत्तर झोपडीत मिळते, तसेच बंगल्यातही मिळते. परक्या देशात गाडी बंद पडते, तेव्हा हेच उत्तर जिवावर बेतू शकते.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाची भाड्याची गाडी जर्मनीत म्युनिकहून स्टुटगार्टकडे जाताना बंद पडली. नवरा मदतीचा फोन शोधायला चालत गेला. करार, विमा, मदतीचा क्रमांक सगळे त्याच्या मोबाइलमध्ये आणि मोबाइल त्याच्या खिशात. बायको दोन मुलांना घेऊन पाऊण तास गाडीतच बसून राहिली. नेमकी हीच जागा सर्वांत धोक्याची. तिथल्या महामार्गांवर बऱ्याच ठिकाणी वेगाला सक्तीची मर्यादा नाही. उभ्या गाडीवर मागून वाहन आदळू शकते.

ही बाई पुण्यात रोज गाडी चालवते. तिथे मात्र करारात तिचे नावच नव्हते. दुसऱ्या चालकाचे नाव घालायला बहुधा जादा पैसे पडतात आणि ते वाचवताना नाव गळते ते बाईचे. नाव नसताना तिने गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा नाकारला जाऊ शकतो. म्हणजे नवरा आजारी पडला, की गाडी धडधाकट असूनही बंदच!

सहलीची तयारी बाईच करते. बॅगा, मुलांची औषधे, चिवडा-लाडू सगळे तिचे. तिच्याकडे नसतात ते फक्त अधिकाराचे कागद. म्हणून निघण्यापूर्वी आरटीओतून तिने स्वतःचा आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. करारात आपले नाव घालून घ्यावे. करार, विमा आणि मदतीचा क्रमांक यांची कागदी प्रत आपल्या पर्समध्ये ठेवावी.

गाडी ताब्यात घेतानाच डिकी उघडून पाहावी. जर्मनीत धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि २०१४ पासून एक चमकदार जाकीट सक्तीचे आहे. कायद्याला एक जाकीट पुरते. आपण माणशी एक मागून घ्यावे. गाडी बंद पडली, की धोक्याचे दिवे लावून, जाकीट घालून, रहदारीच्या विरुद्ध बाजूने उतरावे आणि मुलांसह कठड्यापलीकडे जावे. त्रिकोण मागे १५० ते २०० मीटरवर ठेवावा. कडेचे खांब साधारण ५० मीटरवर असतात, तेव्हा चार खांब मोजले की झाले. त्याच खांबांवरचे बाण जवळच्या मदतीच्या फोनची दिशा दाखवतात. जिवाला धोका असेल तर ११२ हा क्रमांक युरोपीय संघात सर्वत्र फुकट लागतो.

‘यंत्रातले बायकांना काय कळते?’ असे अजूनही ऐकू येते. १८८८च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. वाट शंभरावर किलोमीटरची. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास होता. म्हणजे रस्त्यात बंद पडलेली मोटार दुरुस्त करण्याची सुरुवातच एका बाईने केली.

तेव्हा गटातली कोणी अशा सहलीला निघाली असेल, तर तिला ‘मजा कर’ म्हणण्याआधी एवढे विचारा: करारात तुझे नाव आहे का, आणि कागद कोणाच्या खिशात आहेत?