टेबलाची किंमत टेबलाखाली

घर बदलताना डायनिंग टेबल विकायचं असेल, तर भाव ठरवण्याआधी खाली वाकून त्याचा तळ बघा. वरचं पॉलिश फसवतं. अस्सल सागवान असेल तर लाकडाच्या रेषा फळीवरून कडेपर्यंत सलग उतरलेल्या दिसतात. पार्टिकल बोर्ड असेल तर रोजच्या ओल्या फडक्यानं कड फुगलेली असते, नखानं टोकरलं की भुसा सुटतो. बोर्डाच्या टेबलाला येईल ती किंमत घ्यावी. सागवानाचं मात्र तसं नाही. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यात जुनं फर्निचर घेणारे आधी लाकूडच पारखतात, मग असं टेबल घर सोडण्याच्या आदल्या दिवशी मातीमोल का घालवायचं? महिनाभर आधी विकायला काढा. डुगडुगणाऱ्या खुर्च्यांचे स्क्रू आवळा, टेबल जिन्यातून उतरतं का ते मोजून ठेवा. आणि दान करणार असाल, तर कृपा करून मोडकं देऊ नका. वृद्धाश्रमात त्या खुर्चीवर थकलेलं माणूस विश्वासानं बसणार असतं. आधी आश्रमाला फोन करून हवंय का विचारा, आणि टेम्पोचं भाडं आपणच द्या.